स्प्लेंडर आहे, पासिंग झालंय. मग बघायचं काय?

नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरचा औसा रोड, जुन्या दुचाकीचा सौदा शेवटाला आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘स्प्लेंडर आहे, पासिंग झालेली आहे, पीयूसी आहे. आता बघायचं काय राहिलं?’ बोलणारा दरवेळी व्यापारीच असतो असं नाही. घेणाऱ्यासोबत आलेला मेहुणा असतो, गावचा मिस्त्री असतो, चांगली शिकलेली माणसंही असतात. सोयाबीनचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि जूनमध्ये लातूरचे क्लासेस सुरू झाले की पोरांसाठी, अशा दोन्ही हंगामांत या एका वाक्यावर गाड्या हात बदलतात. माझ्या मते हे वाक्य तिन्ही अंगांनी लंगडं आहे. पण ते खोडायचं तर आधी त्याची बाजू पुऱ्या ताकदीने मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही.

पूर्वपक्ष असा. हिरो होंडाने १९९४ साली स्प्लेंडर बाजारात आणली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन १९८५ च्या सीडी हंड्रेडपासून चालत आलेलं. ५० मिलिमीटरचा बोअर, ४९.५ मिलिमीटरचा स्ट्रोक, वाऱ्यावर थंड होणारं, साधंसुधं. तीन दशकं हे इंजिन मराठवाड्याच्या उन्हात, काळ्या मातीच्या चिखलात, पुढे दुधाचा कॅन आणि मागे दोन माणसं घेऊन चाललं. सुटे भाग मुखेडला मिळतात, किनवटला मिळतात, निलंग्यालाही मिळतात. हात काळे झालेला कोणताही पोरगा हे इंजिन खोलून पुन्हा बांधू शकतो. असल्या गाडीची नोंदणी परिवहन खात्याच्या निरीक्षकाने समोर बघून वाढवून दिली असेल, तर अनुभव आणि अधिकार असे दोन साक्षीदार झाले. धुराचा दाखला हा तिसरा. एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला भाबडा म्हणता येत नाही.

आता एकेका साक्षीदाराची उलटतपासणी करू. पासिंगपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या ४१ व्या कलमानुसार खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षं चालते. ठरावीक मुदतीने फिटनेस दाखला घ्यायची सक्ती ५६ व्या कलमाने घातली आहे, पण ती ट्रक, बस, टॅक्सी, रिक्षा अशा परिवहन वाहनांना. घरच्या दुचाकीला ती लागू नाही. म्हणजे आज घेतलेली मोटारसायकल पंधरा वर्षं एकाही निरीक्षकाच्या नजरेसमोर न जाता कायदेशीरपणे फिरू शकते. त्यामुळे आठ-दहा वर्षं वापरलेल्या गाडीबद्दल कोणी ‘पासिंग झालंय’ म्हणतो, तेव्हा तो ज्या पासिंगबद्दल बोलतोय ते गाडी कोरी करकरीत असतानाचं असतं. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओच्या दारात नेऊन दाखवण्याचीही गरज उरली नाही.

मालकी बदलताना तरी कोणी बघतं का? फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, ओळखपत्रं. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यायचा. या साऱ्या कागदांत ब्रेक, टायर, हँडल यांचा रकाना नाही. कागद बरोबर असले की नाव बदलतं. गाडी त्या वेळी कुठे उभी आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नसतं.

खरी तपासणी सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, फॉर्म २५ भरल्यावर होते आणि त्यात उतरल्यावर नोंदणी पाच वर्षं वाढते. त्या दिवशी निरीक्षक चेसिस आणि इंजिनचे नंबर जुळवतो, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, ब्रेक, टायर, पाटी बघतो. बघायलाच हवं. मात्र हा दाखला एका दिवसाचा असतो. आपल्याकडे दुचाकीचे आरसे पासिंगच्या सकाळी लागतात आणि संध्याकाळी निघतात, हे लातूर-नांदेडकरांना मी सांगायला नको. एका दिवसाच्या त्या पाहणीवर पाच वर्षांची हमी मागणं हा तपासणीवरही अन्याय आहे.

दरवर्षी तपासली जाणारी वाहनं तरी नीट तपासली जात होती का? पुण्यातल्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली राज्य सरकारला फटकारलं, ते याच मुद्द्यावर. फिटनेस दाखले योग्य चाचणीशिवाय दिले जात होते. ब्रेकची चाचणी घ्यायची तर निदान २५० मीटरचा ट्रॅक हवा आणि तोच अनेक कार्यालयांकडे नव्हता. २०१७ च्या नोव्हेंबरपासून, जिथे ट्रॅक नाही तिथे फिटनेसचं काम थांबवावं लागलं. हे सगळं ट्रक-बसचं. ज्यांच्यावर कायद्याची नजर सगळ्यात कडक, त्यांची ही गत होती. दुचाकीचं काय होत असेल ते वाचकाने ताडावं. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले, त्यामागे हाच अनुभव होता. माणसाच्या अंदाजाऐवजी यंत्राच्या आकड्यावर निकाल लागावा, ही कल्पना चांगलीच आहे.

पण समजा, उद्या यंत्रंही आली आणि तपासणी दरवर्षी सुरू झाली. मग तरी पासिंगवरून अमुक मॉडेल भरवशाचं, तमुक नाही, असं म्हणता येईल का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला ब्रिटन उपयोगी पडतं. तिथे १९६० पासून एमओटी नावाची तपासणी आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, आणि मोटारसायकललाही सूट नाही. निकालांची माहिती सरकार खुली करतं आणि लोक त्यावरून कोणतं मॉडेल किती वेळा नापास झालं याचे हिशेब मांडतात. आपल्याकडेही ‘बाहेर बघा कसं शास्त्रशुद्ध’ म्हणणारे आहेत. पण त्या तपासणीच्या कक्षेत काय येतं ते बघा. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती एमओटीत तपासलीच जात नाही, हे तिथलं सरकार स्वतः सांगतं. मोटारसायकली तिथे अडकतात त्या मुख्यतः दिवे, ब्रेक, टायर अशा गोष्टींवर. म्हणजे बल्ब गेला म्हणून नापास झालेली गाडी मॉडेलच्या खात्यावर वाईट गुण जमा करते आणि पिस्टन घासून तेल पिणारी गाडी चांगले. तिथे मोटारसायकली मोटारींपेक्षा कमी नापास होतात, याचाही अर्थ मोटारसायकल हे यंत्र जास्त टिकाऊ असा लावला तर फसायला होईल. तिथला दुचाकीवाला बराचसा हौशी असतो. थंडीत गाडी झाकून ठेवतो, उन्हाळ्यात काढतो, वर्षाला थोडकी चालवतो आणि तपासणीच्या आधी स्वतः पुसून-तपासून नेतो. त्या आकड्यांत मालक दिसतो. मॉडेल त्याच्या आड उभं असतं. नांदेडच्या दूधवाल्याची गाडी आणि त्या हौशी माणसाची गाडी एकाच मापाने मोजता येणार नाही. आपल्याकडे तर पंधरा वर्षांत एकदाच माप घेतलं जातं. त्यावरून मॉडेलच्या भरवशाचा निष्कर्ष निघणार कुठून?

आता पहिला साक्षीदार, म्हणजे नाव.

‘स्प्लेंडर’ या एका नावाखाली किती वेगवेगळ्या गाड्या आहेत ते आधी बघा. एप्रिल २०१७ नंतरच्या गाडीचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप पेटतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकमेकांना जोडणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत पाय दाबला तर फक्त मागचं चाक अडतं. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. रस्त्यावर सुरक्षित थांबण्याच्या दृष्टीने २००८ ची स्प्लेंडर आणि २०२० ची स्प्लेंडर ही दोन वेगळी वाहनं आहेत. त्यांना एकच कीर्ती लागू करणं सोयीचं आहे, खरं नाही.

आणि आपल्या भागाला तरी हे समजायला हवं. लाल कंधारी आणि देवणी या गाई-बैलांच्या दोन्ही नामांकित जाती नांदेड-लातूर या आपल्याच दोन जिल्ह्यांच्या. एकीचं नाव कंधारवरून, दुसरीचं देवणीवरून. तरी माळेगावच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी ‘देवणी आहे ना, मग बास’ म्हणून कासरा हातात घेत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो. जातीवरून तो काय अपेक्षा करायची ते ठरवतो. किंमत समोरच्या बैलाची करतो. तोच माणूस स्प्लेंडरपाशी आला की नावावर थांबतो, याचं मला नवल वाटतं.

कीर्तीच्या बाजूने सांगितला जाणारा सगळ्यात मोठा गुण, म्हणजे कुठेही आणि कोणाकडूनही दुरुस्त होते हा, माझ्या मते जुन्या बाजारात उलटा पडतो. जी गाडी फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच दुरुस्त होते, तिच्या दुरुस्त्या बऱ्यावाईट असल्या तरी साधारण एका धाटणीच्या असतात. स्प्लेंडर मात्र हजार हातांतून जाते. एकीला अस्सल बोअर-पिस्टन मिळतो, दुसरीला बाजारातला नकली. एकीचा चेन-सॉकेट पूर्ण संच बदलला जातो, दुसरीची नुसती चेन एक कडी काढून आखूड केली जाते. कोणी ऑइल वेळेवर बदलतं, कोणी ‘वरून पावशेर टाकलं की झालं’ म्हणतं. त्यामुळे मॉडेल दुरुस्तीला जितकं सोपं, तितकं त्याच्या दोन जुन्या गाड्यांमधलं अंतर मोठं. नव्या स्प्लेंडरी एकमेकींसारख्या असतात. बारा वर्षांच्या स्प्लेंडरी आपापल्या मालकांसारख्या.

‘पण वीस-वीस वर्षांच्या स्प्लेंडरी अजून पळतात की!’ पळतात. पण ज्या पळत नाहीत त्या भंगारात गेल्या आणि तिथे त्यांची मोजणी कोणी करत नाही. हाच युक्तिवाद उलटा करणारेही भेटतात : गॅरेजमध्ये बघावं तिकडे स्प्लेंडरच खोललेली दिसते, म्हणजे ती सारखी बिघडते. तेही चूक. रस्त्यावर ज्या जास्त, त्याच गॅरेजात जास्त दिसणार.

पीयूसीबद्दल थोडक्यात. २००० च्या एप्रिलनंतरच्या, पण बीएस-४ पूर्वीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला इंजिन स्लोवर असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम. हे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं माप आहे. कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू थोडा फिरवला की आकडा खाली येतो, हे ज्याच्या खिशात पेचकस आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धुराचा दाखला हवेसाठी असतो. ब्रेकशी, फ्रेमशी, टायरशी त्याचा काही संबंध नाही आणि तसा दावा खुद्द दाखल्यानेही कधी केलेला नाही.

इथवर वाचून काही मंडळी खूश होतील. ‘आम्ही म्हणत होतोच, पासिंग म्हणजे एजंटचा खेळ. कागदाला काडीची किंमत नाही.’ त्यांच्याशी मी सहमत नाही. उलट हे मत पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतं.

पासिंग गाडीची प्रकृती सांगत नसेल, पण गाडी कोण आहे ते सांगतं. आपल्या दोन जिल्ह्यांत ही फार मोठी गोष्ट आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पलीकडे तेलंगणा, उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कर्नाटक. बाजारात केए ३८ म्हणजे बिदरच्या आणि एपी २५ म्हणजे निजामाबादच्या पाट्या सर्रास दिसतात, स्वस्तही मिळतात. एपी २५ ची पाटी बघितली की एवढं तर लगेच कळतं की गाडी तेलंगणा होण्याआधीची, २०१४ च्या मध्याच्या अलीकडची नाही. अशी गाडी मूळ कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ मधली एनओसी, असल्याशिवाय इथे नावावर होत नाही. आणि दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे इथली नोंदणी घ्यावीच लागते, करासह. चोरीची आहे का, कर्ज बाकी आहे का, खोडलेल्या नंबरावर नवा ठोकलाय का, हे सगळं पकडायची जागा म्हणजे तोच चेसिसचा ठसा. तो तुच्छ मानणारा माणूस पुढे पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी जमा करून पायी घरी येतो.

विकणाऱ्यानेही इथे शहाणपण दाखवायचं असतं. नाव बदलायच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून, पैसे मोजून घेऊन मोकळं व्हायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक. मधे गाडी तीनदा विकली गेली असली तरी. विकून टाकलेली गाडी त्या माणसाच्या दारात समन्स घेऊन परत येऊ शकते. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृत नोंदणीची व्यवस्था आली, तीही याच गोंधळावरचा उतारा म्हणून.

तेव्हा कागद ओळखीसाठी मानावा आणि त्याच्याकडून तेवढंच मागावं. तब्येतीसाठी गाडीजवळच बसावं लागतं. कसं, ते एका भागावरून दाखवतो, कारण त्यात या सगळ्या वादाचं सार येतं.

ब्रेक. जुन्या स्प्लेंडरला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. लायनर झिजत गेले की मिस्त्री रॉडच्या टोकाचा नट आवळत जातो. नट आटे संपेपर्यंत आत गेला की खरं तर लायनर बदलायची वेळ झालेली असते. पण त्याऐवजी ड्रमवरची ब्रेकची लिव्हर काढून ती एक दाता मागे फिरवून बसवली जाते. नटाला पुन्हा आटे मिळतात, पॅडल घट्ट होतं, चाक जागच्या जागी अडतं. पासिंगला उभी केली तर गाडी उतरते, चालवून बघणाऱ्यालाही ब्रेक झकास लागल्यासारखा वाटतो. आत मात्र लायनर कागदाएवढे उरलेले असतात आणि चाकूर-अहमदपूरच्या दरम्यान उतारावर, मागे उसाची ट्रॉली असताना, ते काय करतील सांगता येत नाही. ही लबाडी पकडायचा उपाय कंपनीने गाडीवरच देऊन ठेवलाय. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर एक खूण. तो बाण वेगळ्या पत्र्याचा असतो आणि आतल्या कॅमवर एकाच जागी बसतो, त्यामुळे लिव्हर फिरवली तरी तो फिरत नाही. ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि खाली वाकून बघायचं : बाण खुणेला टेकला की लायनर संपले. अर्धा मिनिट लागतो. सौदा करताना वाकून बघणारा गिऱ्हाईक क्वचितच दिसतो.

बाकीच्या गोष्टींना एवढा वेळ लागत नाही. डबल स्टँडवर लावून कोणाला तरी मागे दाबायला सांगा, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खटकन अडकलं तर कोनसेट गेलाय. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळतंय म्हटलं की चिमट्याचा बुश. चेन मागच्या सॉकेटवरून ओढून बघा, दाता उघडा पडला तर पूर्ण संच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी खोल दिसली तरी दहा वर्षांचं रबर ते रबर नव्हे. इंजिन थंड असतानाच चालू करून घ्या. मालकाने तुम्ही येण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचारा. निळसर धूर निघाला की तेल जळतंय. आणि मीटरवरच्या किलोमीटरवर वेळ घालवू नका. स्प्लेंडरच्या काटेवाल्या मीटरची केबल तुटली की पुढची कित्येक वर्षं ती तशीच राहते, तेवढी वर्षं किलोमीटरही थांबलेले असतात.

शेवटी एक आक्षेप उरतो : एवढं बघायचं तर जुनी गाडी घ्यावी तरी कशाला? घ्यावी. लायनर, कोनसेट, चेन-सॉकेट हे झिजणारेच भाग आहेत आणि स्प्लेंडरचे स्वस्त आहेत. तिच्या कीर्तीचा खरा लाभ तो इथे. प्रश्न फक्त हा खर्च कोणाच्या खिशातून जायचा एवढाच आहे. झिजलेला एकेक भाग दाखवून त्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करत जावं. त्यातच पुढच्या पासिंगचाही हिशेब धरावा. दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पूर्वी ३०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून १००० झाली. मुदत उलटली तर दर महिन्याला ३०० रुपये वरून. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला २००० रुपये. पंधरा वर्षांवरच्या गाडीला राज्याचा पर्यावरण कर वेगळा आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा पाटी लावलीय का तेही बघायचं. चौदा वर्षं संपलेली गाडी ‘एक वर्ष कागद आहे की’ म्हणून कोणी विकत असेल, तर ते वर्ष संपल्यावरचा सगळा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून आजच कापून मागावा. तो नाही म्हणाला, तर शेजारच्या ओट्यावर दुसरी स्प्लेंडर उभी असतेच.